डावी बाही उजवीकडे

गल्लीत त्यांना सगळे ‘हातमोजे’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘साहेब’. पाठ वळली की ‘हातमोजे निघाले’. बोटांच्या पेरांवर भोकं पाडलेले कातडी हातमोजे चढवल्याशिवाय हे गृहस्थ आपल्या गाडीला हात लावत नसत. चालवताना घातले तर एक वेळ समजू शकतं. पण हे गाडी शेडमधून ढकलत बाहेर काढतानाही घालत, आणि बहुतेक वेळा ती ढकलतच बाहेर येई. त्यामुळे हातमोजे झिजले होते ते ढकलून. स्टेअरिंगवर झिजायची संधी त्यांना फारशी मिळाली नव्हती.

गाडी मात्र देखणी होती, हे शत्रूनेही कबूल करावं. लाल रंग, लांब नाक, उघडा टप, तारांची चाकं, दोनच सीट. जुन्या काळी श्रीमंतांची पोरं शर्यतीला पळवत तसली. हातमोज्यांनी ती निवृत्त झाल्या झाल्या घेतली. त्याआधी ते पाइपांच्या कंपनीत उपव्यवस्थापक होते. ‘उप’ हा शब्द आयुष्यभर त्यांच्या नरड्यात अडकलेला. वरचा साहेब रजेवर गेला की त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं, त्याच्या फोनवरून घरी फोन करायचा आणि म्हणायचं, “मी केबिनमधून बोलतोय.” बायको पलीकडून म्हणायची, “बरं. मग बोला.” पुढे बोलायला काही नसायचं.

ही बायको म्हणजे शिवणबाई. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, पायाने चालवायचं. शाळांचे गणवेश, पोरींचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, काय वाट्टेल ते. अर्ध्या गावाच्या अंगावर तिची टीप होती. बोलायची कमी, कारण तोंडात कायम टाचण्या. टाचण्यांमुळे तिच्या संसाराचे किती प्रसंग निभावले असतील, ते तिचं तिलाच ठाऊक. उत्तर ओठांवर आलं की ती आणखी एक टाचणी तोंडात धरायची.

तर या गाडीला एकच दुखणं होतं. ती थांबत नसे.

म्हणजे अगदीच थांबत नसे असं नाही. पेडल पहिल्यांदा दाबलं की पाय सरळ तळाला जाई, ओल्या स्पंजवर पडल्यासारखा. दुसऱ्यांदा दाबलं की थोडा विरोध. तिसऱ्यांदा दाबलं की ब्रेक लागत. हातमोज्यांनी त्याचं शास्त्र बनवून टाकलं होतं. “जुन्या गाड्या पंप कराव्या लागतात. तुमच्या आजकालच्या गाड्या काय, आजारी माणसांसाठी बनवलेल्या. फुंकर मारली तरी थांबतात. ही थांबवायला पुरुषाचा पाय लागतो.”

पुरुषाचा पाय वर्षभर दर रविवारी गाडीबाहेर असे आणि बायकोचा पाय पेडलवर. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं काढलेली, हातमोजे चाकाच्या जागी पालथे पडलेले. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल असं भुसभुशीत होतं. म्हणून एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी छोटा स्क्रू ढिला करून तेलाबरोबर हवा बाहेर काढायची. काम दोघांचं, पण करतो कोण हे गल्लीने बघूनच ठरवलं होतं. शिवणबाई ड्रायव्हरच्या सीटवर बसून मांडीवरच्या फ्रॉकला तुरपाई घालत असे.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. धर म्हटलं की धरायचं.”

“धरलंय.”

“आता सोड. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.”

“तुम्हीच म्हणालात, सोड.”

“ते मी स्क्रूला म्हणालो.”

समोरच्या गॅलरीतले आजोबा खास त्या वेळेला खुर्ची टाकून बसत. त्यांना दुसरी करमणूक नव्हती आणि असती तरी ते हीच निवडते.

दोष शोधायची हातमोज्यांची एक पद्धत होती. आधी पुस्तक वाचायचं, मग छाती फुगवायची, मग “सापडला” म्हणायचं आणि नवा भाग आणायचा. पहिल्यांदा पॅड सापडले. मग तेल सापडलं, ते जुनं होऊन पाणी धरतं म्हणे. मग रबरी नळ्या सापडल्या, त्या आतून फुगतात म्हणे. मग पेडलमागचं मुख्य सिलिंडर सापडलं. प्रत्येक वेळी गल्लीला व्याख्यान झालं, प्रत्येक वेळी नवा भाग चकाकत बसला, आणि प्रत्येक वेळी शिवणबाईचा पाय पहिल्या दाबाला तळाला गेला. तिने सांगितलं की, “अहो, पेडल तसंच आहे,” तर उत्तर ठरलेलं, “तुझा पाय मशीनचा. तुला ब्रेक काय कळणार.”

मेकॅनिककडे न्यावी असं कोणी सुचवलं तर संपलंच. “त्यांच्या हातात देऊ? तेलकट हाताने सीटवर बसतात लोक.” गावात एकच माणूस असा होता ज्याच्याकडे तीच गाडी, तशीच, फक्त हिरवी, आणि थांबणारी. तो म्हणजे दातांचा डॉक्टर. त्यालाही आता निवृत्तीच होती. जुन्या गाड्यांच्या मंडळात उत्तम निगेचा चषक दरवर्षी त्याच्याकडे जाई. हातमोजे त्याला ‘दातवाला’ म्हणत आणि पाण्यात पाहत. “चाकांपेक्षा आरसा जास्त पुसतो तो. टाळ्या पडल्या की दात दाखवतो. पाना कसा धरतात ते तरी माहीत आहे का त्याला?” दातवाले याला कधी उत्तर देत नसत. हातमोज्यांना त्याचा आणखीच राग येई.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. गाडी शेडमध्ये, गल्ली खूश. पण लेकीचं लग्न ठरलं, आणि हातमोज्यांनी पत्रिका छापायच्या आधीच जाहीर केलं की लेकीला नोंदणी कार्यालयात ते स्वतः, याच गाडीतून नेणार.

यांचं घर चढावर. कार्यालय खाली, उताराच्या पायथ्याशी, आणि पायथ्याशी रस्ता एकदम मुख्य चौकात घुसतो. चौकात बस, ट्रक, सिग्नल न पाळणारे दुचाकीवाले, सगळं भरलेलं.

शिवणबाईच्या हातातली कात्री थांबली. “त्या गाडीतून?”

“मग काय टॅक्सीतून? माझी मुलगी आहे.”

“अहो, पण ती थांबत नाही.”

“तीनदा पंप केलं की थांबते.”

“आणि चौकात एकदाच वेळ मिळाला तर?”

“तू ना, आधीपासूनच अपशकुनी बोलतेस.”

तिने लेकीला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. लेक बापाची लाडकी. ती म्हणाली, “असू दे ना गं आई. हौस आहे बाबांची. इतक्या दिवसांनी गाडी कशाला तरी उपयोगी येतेय.” आईला काही तिचा राग आला नाही. बापाची आणि गाडीची काळजी लेकीने कधी वाहिली नव्हती. पेडल दाबायला ती कधी बसली नव्हती.

हौस पक्की झाली तशी हातमोज्यांनी चाचणी घ्यायचं ठरवलं. बायकोला शेजारी बसवलं. गल्लीने वाट करून दिली. “औषधाच्या दुकानाच्या दारात थांबतो बघ. अगदी पायरीला लावून.”

औषधाचं दुकान आलं. हातमोज्यांनी दाबलं. दुकान गेलं. पुन्हा दाबलं, पोस्टाची पेटी गेली. तिसऱ्यांदा दाबताना एकीकडे हाताचा ब्रेक ओढला, आणि गाडी रोपवाल्याच्या दुकानापुढच्या कुंड्यांमध्ये नाक घालून थांबली. शेवंतीची माती हातमोज्यांच्या मांडीवर.

“थांबली ना?” ते म्हणाले.

“कुंड्यांनी थांबवली,” शिवणबाई म्हणाली.

“तू पुढे झुकलीस. वजन पुढे गेलं की असं होतं.”

रोपवाला बाहेर आला, कुंड्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, खालच्या चौकात कुंड्या नाहीत हं.”

त्या दिवसापासून तिला रांधता सुचेना, शिवता सुचेना. लेकीच्या लग्नाचा पोशाख तिनेच शिवायला घेतला होता. टीप घालताना पाय मशीनच्या पाट्यावर असे आणि मन त्या दुसऱ्या पेडलवर. शिवाय वर्षभर ब्रेक दाबून दाबून तिचा गुडघा धरला होता. दुपारी ती गरम पाण्याची पिशवी घेऊन बसे. पाणी भरायचं, पिशवीचं तोंड वर करायचं, पोटाला दाबून हवा बाहेर घालवायची, मग बूच लावायचं. हे ती इतक्या वेळा करी की हातांना त्यात बघावं लागत नसे.

लग्नाच्या आठवड्यात पत्रिका वाटायचं काम तिच्याकडे आलं, कारण हातमोजे गाडीला पॉलिश करत होते. दातवाल्यांकडेही पत्रिका जायचीच होती. मंडळातल्या सगळ्यांना बोलावून त्यांनाच वगळलं असतं, तर गाव महिनाभर तेच चघळत बसलं असतं.

दातवाल्यांच्या अंगणात त्यांची हिरवी गाडी घोड्यांवर उभी होती, चाकं काढलेली. ते स्वतः जुन्या चपला घालून हात पुसत आले. “या वहिनी, बसा. हात घाण आहेत, पत्रिका तिथे ठेवा.” ते पाणी आणायला आत गेले आणि शिवणबाई सवयीने चाकाच्या जागेकडे बघत बसली. वर्षभर तिने तेच तर बघितलं होतं. गोल तबकडी, तिला चिमट्यात धरणारा तो जाडजूड कॅलिपर, आणि त्याचा हवा काढायचा छोटा स्क्रू.

स्क्रू वर होता. अगदी माथ्यावर.

आपल्याकडे तो तळाला आहे, हे तिला पक्कं आठवलं. हातमोजे त्याच्यासाठी पालथे पडत, गालाला माती लागे, आजोबा वरून विचारत, “काय साहेब, पोहताय?” ती उठली आणि हिरव्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली. तिथेही वर. दोन्ही कॅलिपर एकमेकांची आरशातली रूपं होती. डावा आणि उजवा.

शिवणकाम शिकायला आलेली प्रत्येक पोरगी एकदा तरी डावी बाही उजव्या मुंढ्याला लावते. बाही बसते, टीपही नीट पडते. फक्त घालणाऱ्याचा हात वर जात नाही, आणि पोरगी बिचारी कापडाला दोष देत बसते, मग दोऱ्याला, मग मशीनला. शिवणबाई लांबूनच ओळखायची आणि म्हणायची, “उसव.” आपल्या नवऱ्याने वर्षभर काय केलं होतं ते तिला आता एका नजरेत कळलं. आणि का केलं तेही. सुरुवातीला कॅलिपर काढून लाल रंगवले होते, तेव्हा एकावर गंजाचा खड्डा पडलेला निघाला. प्रदर्शनात गाडीच्या ज्या बाजूने लोक चालतात, नेमका त्या बाजूचा. हातमोज्यांनी म्हटलं होतं, “हा भिंतीकडे जाऊ दे, चांगला लोकांकडे येऊ दे.” अदलाबदल झाली. बोल्ट बरोबर बसले, तेव्हा केवढी शेखी मिरवली होती. वर्षभर हवा कॅलिपरच्या माथ्यावर आरामात बसून होती आणि हे महाशय तळातून तेल काढत होते. गरम पाण्याची पिशवी उलटी धरून हवा घालवण्यातला प्रकार. एक डाग लोकांना दिसू नये म्हणून, आणि त्यापायी लेक चौकात जाणार होती.

तिला हसू आलं नाही. असा एक तिरस्कार असतो जो थंड असतो, आणि माणसाला त्यात फार स्वच्छ दिसतं. आपण जाऊन सांगितलं तर काय होईल, ते तिला दिसत होतं: “तुझा पाय मशीनचा.” दातवाल्यांनी सांगितलं तर त्याहून वाईट, मग ते स्क्रू मरेपर्यंत तळाला राहिले असते, तत्त्व म्हणून. तिने पाणी पिऊन पेला ठेवला, “लग्नाला नक्की या,” म्हणाली आणि घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात कापड बेतून झालं होतं.

हातमोजे चहा पीत होते.

“दातवाल्यांना पत्रिका दिली,” ती म्हणाली. “चाकं काढून बसले होते.”

“काढू दे. लावता आली म्हणजे मिळवली.”

“चाकाच्या त्या चिमट्याचा स्क्रू दाखवत होते मला. अगदी तळाला आहे त्यांचा. म्हणाले, वहिनी, स्क्रू तळालाच हवा, हे फार थोड्यांना कळतं.”

हातमोज्यांचा कप बशीपाशी थांबला. दातवाल्यांचा तळाला, यांचाही तळाला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं आणि ते यांना मुळीच मानवत नव्हतं.

“मी म्हटलं, आमच्याकडेही तसेच आहेत,” ती घडी घालत म्हणाली. “तर हसले. म्हणाले, असणारच. साहेब माझी गाडी बघून गेले होते ना प्रदर्शनात. बघून बघूनच शिकतो माणूस.”

“काय म्हणाला?”

“बघून बघून शिकतो माणूस.”

हातमोज्यांचे कान लाल झाले. कॅलिपरच्या रंगाला अगदी जुळले. ते उठले, बसले, पुन्हा उठले. “मी त्याचं बघून? तो दात उपटणारा… त्याला हे तरी कळतं का की हवा वर जाते? तेलात हवा अडकली तर ती वर जाईल की तळाला? शाळेतलं पोर सांगेल. तळाला स्क्रू ठेवून हवा निघेल कशी? गाढव आहे तो, गाढव.” इथे ते थांबले. चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं, भिंतीवरून पाल जावी तसं. शिवणबाई अभ्र्याची शिवण बघत होती; तिने वर पाहिलं नाही. या वेळी वर पाहणं म्हणजे शिवलेलं उसवणं.

“जरा शेडमध्ये जाऊन येतो,” हातमोजे म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी घोषणा केली की आपले स्क्रू त्यांनी मुद्दामच तळाला ठेवले होते, चाचणीसाठी, चाचणी संपली. पुढचा दिवसभर शेडमधून पान्यांचे आवाज येत राहिले. खड्ड्याचा कॅलिपर लोकांच्या बाजूला आला, त्यावर लाल रंगाचा एक जाड हात मारला गेला. मग हाक आली, “अगं, जरा पाय दे.”

ती सीटवर बसली. या वेळी मांडीवर शिवण नव्हती.

“दाब.”

तिने दाबलं. हवा बुडबुड करत निघाली, मग आणखी, मग नुसतं स्वच्छ तेल. दोन्ही बाजू झाल्यावर तिने शेवटचं एकदा दाबलं आणि पेडल तिच्या तळव्याखाली अर्ध्यावरच घट्ट उभं राहिलं, भिंतीसारखं. तिने पाय काढला नाही.

“सोड आता. झालं काय तुला?”

“काही नाही. एकदा उतारावर जाऊन येऊ. मी बसते.”

“आता बसतेस? कुंड्यांना घाबरली होतीस ना?”

ती बसली. औषधाच्या दुकानाच्या पायरीला गाडी अशी थांबली की तिची पर्स पुढे जाऊन काचेवर आपटली. रोपवाल्याने गाडी दुरून दिसताच कुंड्या आत घेतल्या होत्या. तो जरा ओशाळला.

लग्नाच्या सकाळी लेक त्या गाडीतून उतार उतरली. शिवणबाई मागून टॅक्सीत होती आणि तिचा उजवा पाय टॅक्सीच्या फरशीवर दाबलेला होता, सबंध रस्ता. चौकाच्या अलीकडे एक दुचाकीवाला आडवा घुसला. लाल गाडी जागच्या जागी थांबली. लेकीची ओढणी उडाली आणि परत खांद्यावर बसली. टॅक्सीवाला म्हणाला, “ब्रेक चांगले आहेत हो म्हाताऱ्याचे.” शिवणबाईने पाय फरशीवरून उचलला.

कार्यालयाच्या अंगणात लेकीच्या पोशाखाची कड जरा सुटली होती. आई गुडघ्यावर बसून, तोंडात टाचण्या धरून ती लावत होती. तेवढ्यात हातमोज्यांना दातवाले दिसले. मंडळातली चार डोकी आसपास असताना हा मोका ते सोडतील, असं त्यांच्या शत्रूलाही वाटलं नसतं.

“या, या,” हातमोजे म्हणाले. “तुमचे स्क्रू तळाला आहेत म्हणे. अहो, हवा वर जाते. एवढं तरी माहीत हवं माणसाला. वर करून घ्या. गरज पडली तर मी येतो.”

दातवाल्यांनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर शिवणबाईकडे गेली. ती वर बघत नव्हती, पण टाचणी टोचायची तिची बोटं थांबली होती. सगळा जन्म लोकांच्या उघड्या तोंडात बघण्यात गेलेला माणूस. मिटलेलं तोंडही त्याला वाचता येत असावं.

“तळाला आहेत का?” दातवाले म्हणाले. “घरी जाऊन बघतो. बरं झालं सांगितलंत.”

“नुसतं बघू नका. करा.” हातमोजे चार डोक्यांकडे वळले. “सांगावं लागतं हो लोकांना. आमच्या हिलासुद्धा सांगावं लागतं, पण हिला त्यातलं काय कळतंय.”

दातवाले जरा खाली वाकले, जणू पोशाखाची कड बघायला. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “माझे स्क्रू तळाला कधीपासून गेले?”

तिने शेवटची टाचणी तोंडातून काढून कापडात खोचली. “गुरुवारी दुपारपासून. तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा.”

समारंभ आटोपला. लेक नवऱ्याबरोबर तिच्या घरी गेली. लाल गाडीतली शेजारची सीट रिकामी झाली आणि हातमोज्यांनी तिच्यावर थाप मारली. “ये, बस. आता घाबरायचं कारण नाही. ब्रेक कोणी ठीक केलेत?”

शिवणबाईने गाडीकडे बघितलं. ब्रेकवर आता तिचा पूर्ण विश्वास होता. पण वरपर्यंत चढ लांब होता, आणि सबंध चढभर हवा वर का जाते ते तिला ऐकावं लागणार होतं.

तिने हात वर करून टॅक्सी थांबवली.